आधी पाय दाखवा!

आमच्या स्कॅन सेंटरमध्ये पेशंट आला की आधी काउंटरवर डॉक्टरांची चिठ्ठी द्यायचा, मग पंख्याखालची खुर्ची रिकामी आहे का ते बघायचा, आणि तो टेकतो न टेकतो तोच आतून आवाज यायचा, "आधी पाय दाखवा!"

हा आवाज गवई सिस्टरांचा. स्कॅन डोक्याचा असो, छातीचा असो की पोटाचा, त्यांची सुरुवात पायापासून. एकदा एक निवृत्त नायब तहसीलदार आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि नोकरी संपली तरी आवाजातलं ऑफिस काही सुटलेलं नाही. ते म्हणाले, "बाई, मला पोटाचा स्कॅन सांगितलाय. चिठ्ठी वाचता येते ना?"

"येते न साहेब. पोट काय पळून नाही चाललं. प्यांट जरा वर घ्या."

साहेबांनी चारचौघांत पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. सिस्टरांनी नडगीवर अंगठा दाबला, मनात पाच मोजले, अंगठा उचलला आणि वाकून पाहिलं. खड्डा तसाच राहिला तर अंगात पाणी साठतंय, म्हणजे किडनीवर संशय. मग प्रश्न सुरू. लघवी दिवसातून किती वेळा होते? फेस येतो काय? रात्री किती डाव उठा लागते? हे सगळं अशा खड्या आवाजात, की रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्यानंही मान वर करून साहेबांकडे पाहिलं. साहेब लालबुंद झाले. म्हणाले, "मी तुमची लेखी तक्रार करीन."

"करा न. पन तक्रार कराले मानूस शाबूत पायजे. बसा, रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या."

मी तिथे रिपोर्ट टाइप करायला होतो. राऊत सर, म्हणजे आमचे तरुण रेडिऑलॉजिस्ट, फोटो बघून बोलायचे आणि मी बडवायचो. माझं टेबल आणि सिस्टरांची इंजेक्शनची खोली यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती, तीही छतापर्यंत न पोचलेली. मी जन्मानं अकोल्याचा, स्वभावानं तिरसट. कामाच्या वेळी माशी घोंगावलेली मला खपत नाही. आणि इथे पाच वर्षं सकाळी साडेनवापासून लोकांच्या लघव्या ऐकायच्या! कितीदा मी भिंतीवर पट्टी आपटली असेल. पलीकडून उत्तर यायचं, "काहून डोकं तापवून राहिले कुळकर्णी भाऊ? अकोल्याचं ऊन अजून उतरलं नाही वाटते तुमचं." आणि सगळे पेशंट हसायचे. अमरावतीकरांना अकोल्याच्या उन्हावर हसायला फार आवडतं. जसं काही यांच्याकडे मे महिन्यात बर्फ पडतो!

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगितलं पाहिजे. सीटी स्कॅन दोन तऱ्हेचा असतो. एक साधा. दुसऱ्यात हाताच्या शिरेतून एक औषध सोडतात. डॉक्टर त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, आम्ही डाय म्हणतो. ते रक्तात गेलं की आतल्या रक्तवाहिन्या, गाठी, सूज, सगळं फोटोत उजळून निघतं. पुढे ते औषध शरीराबाहेर काढायचं काम किडनीचं. धडधाकट किडनी ते लघवीवाटे काढून टाकते आणि माणूस संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. पण जिची ताकद आधीच संपत आली आहे, अशी किडनी त्या ओझ्यानं बसू शकते. कधी दोन-चार दिवसांनी पुन्हा उठते, कधी उठतच नाही. मग डायलिसिस. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. धडधाकट माणसात हा आकडा एकच्या आसपास असतो; वाढलेला असला तर किडनी थकली आहे असं समजायचं.

पेशंटांना यातलं काही ठाऊक नसायचं. ते याला 'रंगीत स्कॅन' म्हणत. तो काढला म्हणजे मोठा इलाज झाला अशी समजूत. शेजाऱ्यानं रंगीत काढला आणि आपला साधाच, म्हणून रुसून बसलेले लोक मी पाहिले आहेत. "आमाले साधा नको, रंगीतच काढा," असं म्हणणाऱ्यांसमोर सिस्टर डायची बाटली धरायच्या. आतलं औषध पाण्यासारखं नितळ. "दिसते काय कोनता रंग? फोटो काळापांढराच येते बाप्पा. लग्नाचा अल्बम नाही हा."

सिस्टर एवढ्या कडक का, हे मला रुजू झाल्यावर आठवड्यातच कळलं, कारण भिंत प्लायवूडची होती. रोज दुपारी एक वाजता त्या वलगावला घरी फोन लावायच्या. "जयभीम आबा. जेवले? काय जेवले? खरं सांगा." आबा म्हणजे त्यांचे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांच्या दोन्ही किडन्या बऱ्याचशा निकामी झाल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभरात डायलिसिस लागेल. आबा आयुष्यात दुसऱ्या कुणाला कधी घाबरले नसतील, पण या मशीनला घाबरले. शेजारचा एक माणूस त्यांनी मशीनवर पाहिला होता. "सुमन, काय बी कर, मले त्या यंत्राले बांधू नको," असं त्यांनी लेकीचा हात धरून सांगितलं. सिस्टरांनी शब्द दिला. तेव्हापासून पथ्य, औषधं, मोजून पाणी, अंगदुखीच्या गोळ्या बंद, दर महिन्याला रक्त. एका वर्षाची मुदत दिलेला माणूस त्यांनी सहा वर्षं मशीनपासून लांब ठेवला होता. क्रिएटिनिन चारच्या आसपास यायचं. ते चारावर राहिलं की सिस्टर आम्हाला चहा पाजायच्या. चार पॉइंट दोन आलं की चहा बंद, आणि त्या दिवशी कोणी त्यांच्या वाटेला जायचं नाही.

आबाही काही गरीब गाय नव्हते. मीठ कमी म्हटल्यावर या मास्तरांनी मीठ चोरायला सुरुवात केली. एकदा सिस्टरांनी पाहिलं, आबांच्या चष्म्याच्या काचा कायम धुरकट. पुसून दिल्या तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डोळ्याच्या डॉक्टरकडे नेऊन आल्या. शेवटी चष्म्याच्या घराच्या अस्तराखाली मिठाची पुडी सापडली. सिस्टरांनी पुडी पुढे धरली तर आबा म्हणतात, "ते दात घासाले हाये." दात सगळे पडून चार वर्षं झालेली! हे आम्हाला सांगताना सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "चाळीस वर्ष पोट्ट्यायच्या कॉप्या पकडल्या या मानसानं. आता पहा."

त्यांची दुसरी खोड म्हणजे पिशवी. पेशंट गोळ्यांची नावं सांगत नाहीत, त्यांना माहीतच नसतात. 'एक पांढरी, एक लांबुळकी.' सिस्टर म्हणायच्या, "पिशवी उलटी करा." मग टेबलावर जे पडायचं! शुगरच्या गोळ्या, विभूतीची पुडी, मोबाइलचं चार्जर, अर्धं खाल्लेलं बिस्कीट, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. एकदा धारणीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून नवराबायको आले. आधी जीप, मग बस, असे पहाटे निघालेले. बाईची कंबर महिनोन्महिने दुखत होती. सिस्टरांनी पिशवी उलटी केली तर दुखण्याच्या गोळ्यांची सात पाकिटं. बाजाराच्या दिवशी दुकानदार द्यायचा, बाई रोज तीन घ्यायची. सिस्टरांनी कपाळाला हात लावला. या गोळ्याही किडनीच्या मुळावर येतात. रक्त काढलं, आकडा वाढलेला निघाला. डाय बंद!

नवरा भडकला. त्याचंही खरं होतं. एवढ्या लांबून आला, तीनची बस चुकली तर रात्र स्टँडवर काढायची. तो हिंदीत म्हणाला, "इंजेक्शनवाला लिखा है, इंजेक्शनवाला ही करो."

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टरने बीमारी के लिए लिखा है, बाई को मारने के लिए नहीं." मग राऊत सरांना फोन. सरांनी साधाच स्कॅन केला आणि त्यात खडा दिसला, लख्ख. खड्याला डाय लागतच नाही म्हणे! इतकं झाल्यावर सिस्टरांनी आपला डबा त्या दोघांपुढे ठेवला, घड्याळ पाहिलं आणि भिंतीवरून हुकूम सोडला, "स्टँडवर कुळकर्णी भाऊ सोडून देतात तुमाले." मी? मला विचारलं तरी का कुणी? माझ्या ॲक्टिव्हावर आम्ही तिघं, वर गाठोडं, आणि पंचवटी चौकात ट्रॅफिक पोलीस. मी त्या पोलिसाला जे काही सांगितलं ते आठवलं की आजही माझे कान तापतात. बस मात्र मिळाली.

पण या सगळ्यावर कडी केली ती दर्यापूरकडच्या एका म्हाताऱ्यानं, खरं म्हणजे त्याच्या मुलानं.

सत्तरीचे गृहस्थ, पोट फुगलेलं, चेहरा सुजलेला. सोबत तिशीतला मुलगा, हातात मोबाइल. सिस्टरांनी काही बोलायच्या आत त्यानं व्हॉट्सॲपवर आलेला रिपोर्ट पुढे केला. "हे पाहा सिस्टर. रक्त करूनच आलो. मले समजलं होतं तुमी अडवता म्हणून." क्रिएटिनिन पॉइंट नऊ. म्हणजे झकास. एखाद्या पहिलवानाचं असावं तसं.

सिस्टरांनी रिपोर्ट पाहिला. मग म्हाताऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा असा पडला की त्यात पाणी थांबावं. पुन्हा रिपोर्ट पाहिला. नाव बरोबर, वय बरोबर, लॅबचा शिक्का बरोबर. मी भिंतीपलीकडे टाइप करायचा थांबलो, कारण सिस्टर गप्प होत्या आणि हे कधी होत नसे.

"बाबा," त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "रक्त कोन्या हातातून काढलं तुमचं?"

"कोनी काढलं?" म्हातारा म्हणाला. त्यानं दोन्ही बाह्या वर करून दाखवल्या. "माह्या हाताले कोनी शिवलंबी नाही."

मुलगा छताकडे बघायला लागला. सिस्टर उठल्या, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आता सांग. हे रक्त कोनाचं हाये?"

"माहं हाये," मुलगा म्हणाला. "बाबाले सुईचा लय भेव लागते सिस्टर. गेल्या साली रक्त काढतानी भोवळ येऊन पडले, डोकं फुटलं. म्हून म्या देल्लं. त्याहीच्या नावावर." आणि मग, जगातलं सगळ्यात सरळ कारण सांगावं तसं म्हणाला, "रक्त त एकच हाये ना. त्याहीचंच माह्यात आलं."

मी तोंडात रुमाल कोंबला. सिस्टरांचा आवाज मात्र चढला. "अबे, म्हंजे तुह्या किडन्या बापाच्या पोटात बसवल्या काय? उद्या बापाले भूक लागली त तू जेवशीन? बापाचं पोट भरन?"

"तसं नाही सिस्टर..."

"तसंच हाये! म्या हा रिपोर्ट पाहून औषध सोडलं असतं, अन् बाबाची लघवी बंद पडली असती, त तू काय केलं असतं? त्याहीच्या नावानं तूच मुतला असता?"

वेटिंग हॉलमध्ये हशा पिकला. मुलगाही हसायला गेला आणि अर्ध्यात रडला. त्याला खरोखरच बापाचं दुखणं बघवत नव्हतं. सिस्टरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. मग म्हाताऱ्याजवळ स्टूल ओढून विचारलं, "बाबा, सोयाबीनले औंदा शेंगा कशा काय लागल्या?" बस्स! म्हातारा सुरू झाला. बियाणं, फवारणी, रानडुकरं, शेजाऱ्यानं फोडलेला धुरा, म्हणजे शेताचा बांध. तो धुऱ्यावर पोचेपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही आली होती. "झालं बाबा." "काय झालं?" म्हातारा म्हणाला.

खरा आकडा आला पावणेचार. राऊत सरांनी डायचा स्कॅन रद्द केला, सोनोग्राफी लावली. लघवीची वाट अडली होती, त्यामुळे किडन्या फुगल्या होत्या. नळी टाकून वाट मोकळी केली आणि पंधरा दिवसांत म्हातारा स्वतःच्या पायानं पेढे घेऊन आला. जाताना मुलगा माझ्या टेबलापाशी घुटमळला. हळूच म्हणाला, "भाऊ, तो पहिला रिपोर्ट... थो माहा तरी चांगला होता ना?"

त्या दिवसापासून सिस्टरांच्या प्रश्नांत आणखी एक वाढला, "रक्त कोनाचं?" आणि मी भिंतीवर पट्टी आपटणं सोडलं.

राऊत सरांचं आणि सिस्टरांचं या डायवरून वाजायचं. सर चांगला माणूस, वाचणारा. ते म्हणायचे, "सिस्टर, पूर्वी डायला जितकं घाबरत होते तितकं आता घाबरत नाहीत. धोका वाटत होता त्यापेक्षा कमी आहे. गरज असेल तिथे द्यावंच लागतं. न दिल्यानंही माणूस मरतो."

"कमी म्हंजे नाही असं नाही ना सर?"

"नाही असं नाही."

"मंग मी पाय पाहीन," सिस्टर म्हणायच्या आणि वाद संपायचा. सर मागे वळून मला डोळा मारायचे. या भांडणात कोण बरोबर, हे ठरवायची आम्हाला कधी घाईच नव्हती.

मग तो वैशाखातला मंगळवार आला. दुपारी बाराच्या सुमारास सिस्टरांचा फोन वाजला. एरवी एकला फोन त्या लावायच्या. आज वलगावहून शेजाऱ्याचा आला होता. आबांना सकाळपासून दम लागत होता आणि आता बोलताही येईना. तीनेक तासांत ॲम्ब्युलन्स आमच्या दारात. आधी आबांना दवाखान्यात नेलं होतं; तिथल्या डॉक्टरांनी तपासून, पायाची सोनोग्राफी करून इकडे पाठवलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, छातीचा स्कॅन, डायसकट.

आबांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. काटकुळा माणूस, पांढरा सदरा, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, छाती भात्यासारखी वरखाली. सिस्टर स्ट्रेचरच्या कडेला उभ्या. त्यांनी पायांकडे पाहिलंसुद्धा नाही.

राऊत सरांनी त्यांना बाजूला घेतलं, म्हणजे माझ्या टेबलापाशी. म्हणाले, "फुप्फुसात रक्ताची गाठ असावी असं वाटतंय. अशी गाठ बहुतेक पायातून येते, पण पायाच्या सोनोग्राफीत काही मिळालं नाही. साध्या स्कॅनमध्ये ही गाठ दिसणार नाही. अंदाजानं रक्त पातळ करायचं औषध द्यावं, तर महिन्यापूर्वी त्यांना अल्सरचा रक्तस्राव झालेला आहे. चुकलो तर त्यानंच जातील. डाय द्यावं लागेल सिस्टर."

मी मान खाली घालून की-बोर्डकडे बघत बसलो. पाच वर्षं ज्या बाईनं तहसीलदारापासून मजुरापर्यंत सगळ्यांना या खोलीच्या दारात अडवलं, तिच्या बापाच्या किडनीत आता किती जीव उरलाय हे तिच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. मला फार भीती वाटली. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

"मी देतो इंजेक्शन," सर म्हणाले. "तुम्ही बाहेर बसा."

"नाही सर. त्याहीची शीर कोनाले सापडत नाही." मग त्या आबांजवळ गेल्या, वाकल्या. आवाज नेहमीचा, फक्त हळू. "आबा, आयका. औषध देलं त किडन्या जाऊ शकतात. मंग मशीन लागन. नाही देलं त काय झालं थे समजनार नाही. मी तुमाले शब्द देल्ला होता. काय करू?"

आबांनी मुखवट्याआडून लेकीकडे पाहिलं. एकेका शब्दाला थांबत म्हणाले, "दम... दे... पोरी."

सिस्टरांनी शीर पहिल्याच झटक्यात शोधली. सरांना विचारलं, "कमीत कमी किती लागन?" सरांनी आकडा सांगितला. "त्याच्यावर थेंब नाही." औषध मशीननं जातं, पण बटण माणूस दाबतो. ते त्यांनीच दाबलं. काचेपलीकडे उभ्या राहून त्या पडद्याकडे नाही, आबांच्या छातीकडे बघत होत्या.

दोन्ही बाजूंना गाठी निघाल्या. सरांचा अंदाज खरा होता. औषध सुरू झालं, तेही जपून, पोटावर डोळा ठेवून. चौथ्या दिवशी आबांचा मुखवटा निघाला. पण रोजचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट यायचा, तो सिस्टर उघडेनात. फोन माझ्याकडे द्यायच्या. "तुमी वाचा भाऊ. तुमचा आवाज कोरडा हाये, बरा पडते." मी वाचायचो. चार पॉइंट आठ. सहा. सात पॉइंट तीन. शेवटचा आकडा वाचताना माझा आवाज काही कोरडा राहिला नाही. त्यांनी फोन परत घेतला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "बरं."

राऊत सर म्हणाले, "सिस्टर, डायनं झालं, की दम लागून रक्त कमी पोचलं म्हणून झालं, की जुना आजारच आता संपायला आला होता, हे कुणालाही छातीठोक सांगता येणार नाही."

"म्या इचारलंच नाही सर," त्या म्हणाल्या आणि सलाइनचे स्टँड पुसायला लागल्या.

आबांना शेवटी मशीन लागलंच, आणि महिन्याभरात सिस्टरांनी नोकरी सोडली. धाकटा भाऊ अकोल्यात सरकारी नोकरीत होता, त्याच्या घराजवळच डायलिसिसची सोय होती. आठवड्यातून तीनदा आबांना तिथे न्यायचं, तर आपणच तिथे कामाला लागू, असं ठरवून त्या गेल्या. निरोपाचं भाषण मला करायला सांगितलं होतं. मी दोन वाक्यं बोललो आणि लाइट गेल्याचं निमित्त करून खाली बसलो. लाइट दहा मिनिटांपूर्वीच आली होती, पण कुणी काही म्हटलं नाही.

दिवाळीला मी अकोल्याला घरी गेलो, तेव्हा पाय आपोआप त्या डायलिसिस सेंटरकडे वळले. मनात धाकधूक होती. बाईला काय बोलायचं? सहा वर्षांचा शब्द स्वतःच्या हातानं मोडावा लागलेल्या माणसाला काय विचारतात, बरं आहे ना?

दार ढकललं. आठ पलंग, आठ मशीनं. तिसऱ्या पलंगावर आबा, हातातून लाल नळ्या निघालेल्या, आणि शेजारच्या पेशंटाला सांगणं चाललेलं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं: "हे पाहा, हे माही पोरगी, साऱ्या अमरावतीच्या किडन्या राखल्या हिनं, कलेक्टर आला तरी दारात उभा करे, अन् सख्ख्या बापाची पाळी आली त बटन दाबून मोकळी झाली, अन् आता इथं आनून बांधलं मले यंत्राले, वरून म्हनते हलू नका, अरे हलू नको त काय करू, चाळीस वर्ष उभं राहून शिकवलं म्या, अन् हे मले बसाले शिकवते..."

मला त्या पेशंटापुढे मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टर पलीकडे पाठमोऱ्या उभ्या राहून कुणाची तरी नळी जोडत होत्या. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सिस्टर, मी जरा समजावतो आबांना."

त्या वळल्या. मला ओळखून हसल्या, पण बोट ओठांवर ठेवलं.

"थांबा भाऊ, बोलू द्या त्याहीले," त्या म्हणाल्या. "पाहा न, दम घ्याले मधात एकदाबी थांबले नाही."

आणि आम्ही दोघं उभे राहून ऐकत राहिलो. आबा कलेक्टरवरून आता शिक्षणाधिकाऱ्यावर आले होते.